दस्तीचा सार्दाना

भागम्मा गेली तेव्हापासून शिवमूर्तीअप्पाच्या घरात जेवताना ताटं वाजायला लागली. ती होती तोवर ताटाचा आवाज कोणाला ऐकूच येत नव्हता. कोणाची म्हैस आटली, कोणाच्या सुनेनं माहेरी फोन करून काय सांगितलं, डाळीत मीठ कमी का पडलं, हे सगळं ती वाढता वाढता सांगायची. मागच्या पोळ्याच्या सुमाराला ती नांदेडच्या दवाखान्यात दाखल झाली आणि तिथूनच गेली. घरात तीन माणसं राहिली. कापड दुकान चालवणारा शिवमूर्तीअप्पा, मुलगा राजेश्वर आणि सून ईश्वरी. तिघांनाही आपणहून विषय काढायची सवय नव्हती, कारण ते काम भागम्माकडं होतं.

पुढं ते काम राजेश्वरच्या प्रबंधाकडं आलं.

राजेश्वर बोरीच्या कॉलेजात इतिहास शिकवायचा, तासावर. तास झाला तर पगार, सुट्टी लागली की पगारही सुट्टीवर. कॉलेज व्यंकटरावांचं. व्यंकटराव संस्थेचे अध्यक्ष होते, आणि बोरीत ज्या ज्या कशाला अध्यक्ष लागतो त्या सगळ्याचे अध्यक्ष होते. "पीएचडी कर, मग कायम करतो," असं ते म्हणाले, म्हणून राजेश्वरनं पीएचडी धरली. विषय शोधायला गेला तर जवळचे सगळे विषय लोकांनी आधीच उचललेले. परभणीच्या उरुसावर तिघं बसलेले, गोदाकाठच्या देवळांवर रांग लागलेली. मार्गदर्शक सर म्हणाले, "असा विषय घे, की तपासणाऱ्यानं तुलाच फोन करून विचारलं पाहिजे." त्यातून विषय निघाला: 'कातालोनियातील लोकप्रिय संगीतप्रकारांचा विकास आणि सांस्कृतिक महत्त्व'. कातालोनिया नक्की कुठं आहे, हे मार्गदर्शक सरांना राजेश्वरला पदवी मिळाली त्या दिवशी कळलं.

गंमत अशी की राजेश्वरला ते संगीत खरंच आवडलं. मोबाइलवर तो तिथली भाषा शिकला. तिकडच्या नुरिया नावाच्या एका निवृत्त संगीतशिक्षिकेशी त्याची ओळख झाली. आणि संध्याकाळी ताटावर बसलं की तो बोलायला लागायचा.

"अप्पा, तिकडं समुद्राकाठची माणसं पोट भरायला जहाजानं क्युबाला जायची. वर्षानुवर्षं तिकडंच. येताना गाणी घेऊन आली. त्याला हावानेरा म्हन्तात. आजबी काठावर बसून गातात. आन रम पेटवून पितात."

"पेटवून?"

"साखर टाकून काडी लावायची."

"मग प्यायला काय उरती?"

"मामा, त्याच्यावर पूर्ण प्रकरण हाय प्रबंधात," ईश्वरी भाकरी वाढत म्हणाली. "गाण्यावर कमी, रमवर जास्ती."

दुसऱ्या दिवशी दुसरं. त्या देशात एक हुकूमशहा होऊन गेला. त्यानं शाळेतून, कचेरीतून लोकांची भाषा काढून टाकली. मग तरुण पोरं गिटार घेऊन उभी राहिली आणि त्याच भाषेत गायला लागली. त्या चळवळीला 'नवं गाणं' असंच नाव पडलं. हे शिवमूर्तीअप्पाला समजावून सांगावं लागलं नाही. त्याचा बाप निजामाच्या शाळेत उर्दूत शिकलेला. दुकानाचा हिशोब उर्दूत करायचा, बायकोशी मराठीत भांडायचा आणि देवापुढं बसला की वचनं कानडीत म्हणायचा. "माणसाच्या तोंडातून भाषा काढता येत न्हाई," अप्पा म्हणाला. "बंद केली की ती गाण्यात जाऊन बसती." राजेश्वर हातातला घास तसाच धरून म्हणाला, "अप्पा, हे माझ्या सहाव्या प्रकरणात पाहिजे होतं."

असं घर चाललं होतं. अप्पाला गाण्यातलं फार कळत नव्हतं, पण ताटं वाजणं थांबलं होतं.

काळजी एकच होती. पदवी मिळाली तरी व्यंकटराव कायम करायचं नाव काढत नव्हते. ईश्वरीच्या भावानं पुण्यात एका शिकवणी वर्गात राजेश्वरसाठी जागा बोलून ठेवली होती. या वर्षी कॉलेजात कायम झालं तर ठीक, नाहीतर उन्हाळ्यात पुणं, असं नवराबायकोचं ठरलेलं. ते अप्पाला स्पष्ट सांगितलेलं होतं. अप्पा "बरं" म्हणाला होता. पण दुकानात एकटा बसला की तो मोजायला लागायचा. बायको गेली. लेक-सून गेले तर मागं राहणार कापडाचे तागे. ते काही बोलत नाहीत.

आता पुढं जे झालं त्याची काडी अप्पानंच लावली. व्यंकटराव धोतरजोडी घ्यायला दुकानात आले होते. "काय अप्पा, पोरगं काय लिहायलंय सध्या?" त्यांनी सहज विचारलं.

अप्पाला अभिमान आवरला नाही. "साहेब, कातालोनियातल्या बार्सिलोनात रुम्बा म्हणून गाणं हाय. गिटार वाजवता वाजवता तिच्यावरच थाप मारतात, ढोलकीसारखी. तिथल्या जिप्सी लोकांनी काढलं ते. आन राजेश्वर म्हन्तो, ते लोक लय जुन्या काळी हिंदुस्थानातून गेलेले."

व्यंकटरावांचा हात धोतरावर थांबला. "आपल्याकडून?"

"हिंदुस्थानातून."

"मंग तेच म्हन्तो मी. आपल्याकडून."

हिंदुस्थानातून निघालेलं ते संगीत व्यंकटरावांच्या गाडीत बसलं आणि कॉलेजच्या गेटवर उतरेपर्यंत मराठवाड्यातून निघालेलं होतं. महिनाभरात ते बोरीतून निघालं. चहाच्या हॉटेलात लोक एकमेकांना सांगायला लागले, "बार्सिलोनाचं सगळं गाणं आपलंच हाय. त्यांनी नुसतं सांभाळलं."

त्यातच नुरियाबाईंचा निरोप आला. त्या हैदराबादला येणार होत्या, आणि आपल्या गाण्यांवर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाला त्याच्या गावी येऊन भेटायची त्यांची इच्छा होती. व्यंकटरावांना हे कळताच त्यांनी राजेश्वरला बोलावून घेतलं. कॉलेजच्या तपासणीसाठी समिती यायची होती आणि 'आंतरराष्ट्रीय' असा एक रकाना कित्येक वर्षं रिकामा होता.

"पाहुणीपुढं त्यांचाच नाच आपल्या गावानं करून दाखवायचा," व्यंकटराव म्हणाले. "बाई खूश झाली की तू कायम. माझा शब्द."

राजेश्वरनं तिकडचा सार्दाना हा गोलातला नाच निवडला. कारण सोपं होतं, त्यात कसरत नाही. माणसं गोल उभी राहतात, एकमेकांचे हात धरतात, आधी हात खाली ठेवून लहान पावलं, मग हात वर करून लांब पावलं. बस्स. चौकात बँड वाजत असतो आणि येणारा-जाणारा कोणीही पिशवी मधोमध ठेवून गोलात शिरतो. त्या हुकूमशहाच्या काळात बाकी पुष्कळ गोष्टींवर डोळा होता, तेव्हाही लोक हात धरून हे नाचत राहिले.

कॉलेजच्या मैदानावर बैठक झाली. राजेश्वरनं सगळं समजावून सांगितलं. व्यंकटरावांनी पहिला प्रश्न विचारला.

"पहिला नंबर कोणाचा?"

"गोल हाय साहेब. पहिला नंबर नसतो."

"असं कसं? सुरुवात कुठून तर व्हत आसंल."

"कुठूनबी होते."

"मंग फोटोत मधी कोण येणार?"

शेवटी असं ठरलं की गोलाच्या बरोबर मध्ये एक खुर्ची ठेवायची आणि तिच्यावर व्यंकटरावांनी बसायचं. लोक त्यांच्याभोवती नाचतील. ते स्वतः नाचणार नाहीत, पण त्यांच्याशिवाय नाचही होणार नाही.

बँडचं काम बन्सीधरकडं आलं. वरातीत वाजवणारा हा गडी राजेश्वरच्या मोबाइलवर सार्दाना ऐकून म्हणाला, "सनईच हाय की ही, जरा जाड झालेली." त्यानं चाल बरोबर उचलली. फक्त त्याच्या हातात आलेली कोणतीही चाल थोड्या वेळात वरातीला लागायची, त्याला कोणाचाच इलाज नव्हता.

खरी अडचण हातांची निघाली.

पहिल्या सरावाला निम्मं गाव आलं आणि हात धरा म्हटल्यावर निम्म्या गावाचे हात आजारी पडले. लिंबाजी हा अप्पाच्या शेजारचा बडा शेतकरी, दोस्त. त्याच्या एका बाजूला त्याचा चुलतभाऊ आला, ज्याच्याशी बांधावरून कोर्टात चालू होतं. दुसऱ्या बाजूला भीमनगरातला सिद्धोधन आला, कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारा. लिंबाजी म्हणाला, "माझ्या हाताला घाम येतो बाबा. लोकांना कामून तरास?" चुलतभावाच्या मनगटात चमक भरली. एकाला खाज निघाली, एकाचा अंगठा सकाळीच दारात चेमटला होता. सिद्धोधन मधे दोन्ही हात पसरून उभा होता.

"माझे हात बरे हायत," तो राजेश्वरला म्हणाला. "बाजूची जागा तेवढी आजारी पडती."

बायकांचा वेगळाच प्रश्न. बचत गटाच्या कमलबाईनं पदर खोचून विचारलं, "एक बाई, एक गडी, असं उभं रहायचं म्हन्ता. परक्या गड्याचा हात धरला तर घरी काय सांगू? बार्सिलोनाचा होता म्हणून?"

"नवराबायकोनं शेजारी उभं रहायचं, कमलकाकू," राजेश्वर म्हणाला. "बाई गड्याच्या उजव्या हाताला. आन नियमच हाय, बाहेरून येणारानं गोलात कुठंबी शिरावं, पण जोडीच्या मधी शिरायचं न्हाई."

अप्पा मैदानाच्या कडेला उभा राहून ऐकत होता. त्याच्या मनात आलं, आपल्या उजव्या हाताला आता कोणीही शिरू शकतं. नियमात बसतं ते. त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं आणि पुन्हा ऐकायला लागला.

दुसऱ्या सरावाला त्याहून कमी लोक आले. तिसऱ्याला व्यंकटराव, खुर्ची आणि बन्सीधर एवढेच होते. राजेश्वर घरी आला आणि ताटावर काही बोलला नाही. ईश्वरीनं भावाला फोन लावला तो अप्पानं ऐकला. "जागा भरू देऊ नको, दादा," ती म्हणत होती.

मग अप्पा स्वतः उठला. दुकान बंद करून तो घरोघर फिरला. हाताला घाम येतो त्याच्याकडं गेला, चमक भरलेल्याकडं गेला, सगळ्यांकडं चहा प्याला आणि तसाच परत आला. दुकानाच्या ओट्यावर बसून त्यानं डोकं पुसायला दस्ती काढली. कडेला लाल रेघ असलेला, हातभर लांब सुती रुमाल. दस्तीकडं बघताना त्याला सुचलं.

दुसऱ्या दिवशी तो दस्त्यांचा गठ्ठा घेऊन मैदानावर आला. "हात धरायचाच न्हाई," तो म्हणाला. "दस्तीचं एक टोक तुमच्या हातात, दुसरं शेजारच्याच्या हातात. गोल तर झाला का न्हाई?"

सगळ्या गावाचे हात एका दिवसात बरे झाले. घाम आटला, चमक गेली, अंगठा सरळ झाला. कमलबाई म्हणाली, "आता घरी सांगायला काय हरकत न्हाई." लिंबाजीनं मात्र अप्पाला बाजूला घेतलं आणि सिद्धोधनच्या दिशेला डोळ्यानं खूण करून हळूच विचारलं, "त्या अंगाला जरा लांब दस्ती भेटंल का?"

"अख्खं धोतर देऊ का? तू बोरीत उभा रहा, त्याला जिंतूरला करतो."

"अप्पा, चिडू नगं. लोकं बघत्यात."

अप्पानं त्याला लांब दस्ती दिली. दिली, हे खरं.

घरी राजेश्वर म्हणाला, "अप्पा, सार्दान्यात हात सोडून दुसरं काहीच न्हाई हो. तेवढंच काढून टाकलं आपण."

"तुला कायम व्हायचंय ना?"

ईश्वरी म्हणाली, "जेवा आता. थंड व्हायलंय."

नुरियाबाई आल्या त्या दिवशी गावात कमान उभी होती. बाई सत्तरीच्या पुढच्या, केस आखूड, पायात दोरीच्या तळव्याच्या चपला. रेल्वेनं परभणीला उतरून व्यंकटरावांच्या गाडीतून आल्या. व्यंकटरावांनी भाषण केलं. "शेकडो वर्षांपूर्वी आपल्या बोरीतून गेलेलं हे लेकरू आज माहेराला आलंय," ते म्हणाले, आणि ते लेकरू म्हणजे संगीत की बाई, हे कोणालाच नीट समजलं नाही. टाळ्या दोघांनाही मिळाल्या. राजेश्वरनं बाईंना त्यांच्या भाषेत त्याचा काय अनुवाद सांगितला देव जाणे. बाई हसल्या.

बन्सीधरनं सुरुवात केली. दस्त्या धरून गोल फिरायला लागला, मध्ये खुर्चीवर व्यंकटराव. लहान पावलं ठीक गेली. लांब पावलांना हात वर झाले आणि सगळ्या दस्त्या एकदम ताणल्या गेल्या, तेव्हा तो गोल लांबून खरंच देखणा दिसला. बाई जागेवरून उठल्या. हातातली पिशवी त्यांनी खुर्चीजवळ, व्यंकटरावांच्या पायाशी ठेवली आणि गोलाभोवती एक चक्कर मारून अप्पाच्या उजव्या बाजूला शिरल्या. अप्पानं दस्तीचं टोक पुढं केलं. बाईंनी ते बघितलंच नाही. त्यांनी सरळ त्याचा हात धरला.

दवाखान्यात भागम्माचा हात धरून बसला होता, त्यानंतर अप्पानं कोणाचा हात धरला नव्हता. त्याची पावलं चुकली. पण तोवर बन्सीधर वरातीवर आलेला होता आणि सगळ्यांचीच चुकली होती.

नाच संपल्यावर बाईंनी राजेश्वरला एक प्रश्न विचारला. राजेश्वरनं बापाकडं बघितलं. "अप्पा, बाई विचारायल्यात, हे कापड कशासाठी? ही जुनी पद्धत हाय का?"

वर्तमानपत्राचा वार्ताहर पेन उघडून उभा राहिला. व्यंकटरावांनी खुर्चीतूनच डोळे वटारले. बाईंनी अजून अप्पाचा हात सोडलेला नव्हता. अप्पाला पुण्याची गाडी दिसली. रिकामं घर दिसलं.

"जुनी हाय," तो म्हणाला. "लय जुनी. आमच्या आज्या-पंज्यापासून."

राजेश्वरनं जसंच्या तसं बाईंना सांगितलं. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी दस्ती हातात घेतली, उलटी-सुलटी करून बघितली आणि फोटो काढला.

आठवड्यात राजेश्वर कायम झाला. ऑर्डरबरोबर दुसरी एक ऑर्डर होती. 'दस्तीनृत्य संशोधन केंद्रा'चा प्रमुख म्हणून त्याची नेमणूक झाली होती. वर्षाच्या आत त्यानं 'दस्तीनृत्य: उगम आणि विकास' असं पुस्तक लिहायचं होतं. "उगम किती जुना पाहिजे?" असं राजेश्वरनं विचारलं, तर व्यंकटराव म्हणाले, "फार ओढू नको. यादवांपर्यंत ने."

अप्पानं देवापुढं पेढे ठेवले. भागम्माच्या फोटोलाही ठेवले. लेक राहिला, सून राहिली, त्याला पाहिजे होतं ते झालं. दस्त्याही चांगल्या खपायला लागल्या. गावच्या वेशीवर 'दस्तीनृत्याचे उगमस्थान' अशी पाटी लागली. लिंबाजी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागला, "माझा आजा लय भारी नाचायचा. दस्ती त्याची खास लांब आसायची."

"लिंबाजी, दस्ती मी दिली तुला. दिवाळीच्या नंतर."

"ती वेगळी, अप्पा. मी जुनी म्हनायलोय."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला आता तसं आठवायला लागलं होतं.

आणि घरात ताटं पुन्हा वाजायला लागली. राजेश्वर संध्याकाळी यायचा, हातपाय धुऊन बसायचा, जेवायचा, उठायचा. अप्पा विषय काढून बघायचा. "ते रुम्बावालं पुढं काय झालं रे?" "काय न्हाई अप्पा. वेळ भेटंना." मग तो खोलीत जाऊन यादवांच्या काळातली दस्ती लिहीत बसायचा. एकदा ईश्वरी चिडून म्हणाली, "लिहिणार तरी काय? तेव्हा लाल रेघ होती का निळी?" तो हसला नाही. बायकोशीही तो दिवसाला चार वाक्यं बोलेनासा झाला. अप्पाला कळेना की लेक घरात आहे की पुण्याला गेला.

एका दुपारी सिद्धोधन दुकानात आला. शर्टाचं कापड बघत होता. अप्पानं विचारलं, "तुमच्या ग्रंथालयात येतं का रे केंद्राचं काम?"

"येतं की. मीच झाडून घेतो केंद्र." त्यानं कापड खाली ठेवलं. "अप्पा, एक बोलू का? राग नका मानू."

"बोल."

"आधी लोकं हात आजारी हाय म्हनायचे. खोटं का आसंना, कारण सांगावं लागायचं. तोंड इकडं-तिकडं करावं लागायचं. आता कोणीच कारण सांगत न्हाई. परवा शाळेच्या पोरांचा नाच बसवला, लेकरं हात धरून उभी राहिली तर गुरुजीनं हातावर छडी मारली. म्हनाले, परंपरा मोडायची न्हाई, दस्ती धरा." त्यानं मान वर करून फळीकडं बघितलं. "ते काळं निळं कापड दाखवा ना. वरच्या फळीवरलं."

अप्पानं कापड काढून दिलं. मापलं, फाडलं, घडी घातली. सिद्धोधन गेल्यावर त्यानं पुढं मांडलेल्या दस्त्या उचलून मागच्या फळीवर टाकल्या.

त्या दिवशी जेवण झाल्यावर तो राजेश्वरला म्हणाला, "त्या बाईला फोन लाव."

"आत्ता? कशाला?"

"लाव म्हन्लं ना. मी बोलतो, तू तिला सांग."

मोबाइलच्या पडद्यावर नुरियाबाई दिसल्या. स्वयंपाकघरात उभ्या होत्या, कांदा चिरत. अप्पा मोबाइलला नमस्कार करून बोलायला लागला. "बाई, दस्तीची पद्धत जुनी न्हाई. ती मी काढली. आमच्या गावात लोकांना एकमेकांचा हात धरायचा नव्हता. कोणाला भावाचा नको, कोणाला खालच्या आळीतल्याचा नको. दस्ती त्याच्यासाठी हाय. तुमी विचारलं तेव्हा मी लबाड बोललो." मग तो राजेश्वरकडं वळला. "सांग."

"अप्पा, कायमची ऑर्डर जाईल."

"जाऊ दे."

"तुमीच तर..."

"मीच म्हन्लो होतो. आता मीच म्हनायलोय. सांग."

राजेश्वर सांगायला लागला. आधी अडखळत, मग सरळ. बाईंनी सुरी खाली ठेवली. मग त्या बोलल्या आणि राजेश्वरच्या तोंडावर हसू आलं, कित्येक दिवसांनी.

"काय म्हन्ली?"

"म्हन्ल्या, लय उशीर केला तुमी. त्यांनी गावी जाऊन फोटो दाखवले. तिकडंबी दोन घरं हायत, आज्यापासून एकमेकांचा हात न धरणारी. एका चौकात दोन वेगळे गोल करतात. त्या लोकांना दस्ती लय आवडलीय. पाच-पन्नास मागवायच्या म्हनत होते."

ईश्वरी तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. अप्पा हसला नाही. "म्हनावं, पाठवणार न्हाई."

"त्या म्हन्ल्या, मी सांगते त्यांना खरं काय ते. पण माझं आमच्या गावात कोणी ऐकत न्हाई."

"आमच्याबी न्हाई ऐकत म्हनावं."

बाईंनी दस्तीचं खरं काय ते कॉलेजलाही रीतसर लिहून कळवलं. मग व्हायचं ते झालं. गावाच्या संस्कृतीची परदेशात बदनामी केली म्हणून राजेश्वरची ऑर्डर मागं घेतली गेली. केंद्र तसंच राहिलं. यादवांचं काम व्यंकटरावांनी भाच्याकडं दिलं, आणि भाच्यानं दस्ती यादवांच्याही मागं नेली. अप्पाचा तेवढा गावात बोभाटा झाला. लिंबाजी ओट्यावर यायचा बंद झाला. शेवटचं उठून जाताना म्हणाला, "अप्पा, वहिनी गेल्यापासून तुमचं डोकं ठिकाणावर न्हाई. माझ्या आज्याला खोटं पाडलं तुमी."

ईश्वरीच्या भावानं पुण्यातली जागा भरू दिली नव्हती. पुण्याला जायच्या आदल्या दिवसापर्यंत सामान बांधणं चाललं. राजेश्वर पुस्तकं बांधता बांधता बोलत होता. नव्वदच्या सुमाराला तिकडच्या खेड्यातल्या पोरांनी आपल्या भाषेत रॉक सुरू केलं, एका रात्रीत हजारो लोक जमले, ज्या भाषेत आज्यानं लपून गायलं तीत नातू बोंबलून गायला, असं सगळं. अप्पा दोरी धरून उभा होता. मध्ये मध्ये "मग?" म्हणत होता.

"अप्पा, तुमीबी चला ना," राजेश्वर शेवटी म्हणाला.

"दुकान कोण बघंल?"

"दुकानात तर आता कोणी येत न्हाई."

"येतील. कापड लागतं माणसाला."

सकाळी एसटी स्टँडवर ईश्वरीनं पाया पडून सांगितलं, "मामा, डाळीत मीठ आधी टाकू नका. शिजल्यावर टाका." गाडी जिंतूर रस्त्याकडनं आली, परभणीकडं गेली. अप्पा चालत दुकानात आला. कुलूप काढलं, गादी झाडली, विभूती लावून बसला.

पहिलं गिऱ्हाईक व्यंकटरावांच्या कॉलेजातला शिपाई होता. स्नेहसंमेलन जवळ आलं होतं.

"अप्पा, साहेबांनी दस्त्या सांगितल्यात. लाल रेघेच्या."

"न्हाईत."

"न्हाईत कशा? त्या काय मागं फळीवर दिसायल्यात की. ढीगभर."

"त्या तोंड पुसायच्या हायत," अप्पा म्हणाला. "नाचायच्या न्हाईत."

शिपाई सायकलवर टांग टाकून बाजारातल्या दुसऱ्या दुकानाकडं गेला.